अंगणात न पुरलेली वार

प्रिय भूमिका,

काल तुझा फोन आला आणि नेमकं बाळाने भोकाड पसरलं, मला धड बोलताच आलं नाही. आज पोरगी सासूबाईंच्या मांडीवर आहे, त्या तिला खाली ठेवायला तयार नाहीत. त्यामुळे माझे हात रिकामे, आणि फोनवर मला मनातलं कधी सांगता येत नाही हे तुला माहीतच आहे.

मी बाळंतपणाला सौंदडहून नागपूरला आले ते मोठ्या दवाखान्याच्या हौसेने, असं गावाला अजून वाटतं. तुमच्या प्रयोगशाळेला बाळामागून पडणारी ताजी वार हवी होती, हे घरातच ठेवलं. धानावर फवारायचं औषध आईकडून पोटातल्या बाळाकडे जातं का, ते तपासायचं होतं. उंदरांवर पाहून सरकारने ते केव्हाच पास केलंय, पण उंदराची वार बाईसारखी नसते, हे तू किती शांतपणे समजावलंस! सासूबाई मात्र तुझ्यावर कडाडल्या होत्या, "सरकारले उंदरं कमी पडले का व? आमच्या लेकराची वार कायले पायजे?" आमच्याकडे वार अंगणातच पुरतात. तू वाद घातला नाहीस. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, त्याआधी मी फवारलेल्या धानाच्या बांधीत तण निंदायला उतरत होते, एवढीच आठवण करून दिलीस. मग त्या म्हणाल्या, "एक त पुरली मी. हे तुमी घेऊन जा."

तू तपासणीत वारेत औषध सोडलंस आणि ते बाळाच्या बाजूला उतरलं. मग माझं पहिलं बाळ त्यानेच गेलं का, असं मी विचारलं. ते आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणालीस. खोटं बोलून माझं समाधान केलं नाहीस, याचे उपकार मी विसरणार नाही. गावात सगळ्यांकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरात दोष माझाच होता.

काल तू रडलीस. दोन-चार वारांवरून औषधबंदीचा निर्णय होत नाही, असं सरकारी समितीने कळवलंय, आणि बाया वार द्यायला तयार नाहीत. नोकरी सोडते म्हणालीस. मी ते जेवताना घरात सांगितलं. नणंद माहेरी आलीय, नीतू, तिचे होळीनंतर दिवस भरतात. तिने आईकडे नुसतं पाहिलं. सासूबाई हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "भूमिकाले लिवून दे, नोकरी सोडू नोको म्हणा. आमी नीतूले घेऊन येऊन राहिलो."

तुझीच,
रीना