नव्या घरात आधी मीठ

ग्रांद होटेल मिरालागो,
६ सप्टेंबर १९५८

चि. देल्फिनास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही.

मी मजेत आहे. आपला ओत्ताव्हियो जन्मात पहिल्यांदा आईवर खूश झालाय. माझी पंच्याहत्तरी म्हणून त्याने मला सरोवराकाठच्या या जुन्या हॉटेलात आणून ठेवलंय. माझ्या खोलीत पूर्वी कुठलीशी राणी झोपून गेली म्हणतात. गादी अजून तीच असावी. चमच्यापासून ताटाखालच्या कागदापर्यंत सगळ्यावर हॉटेलचं नाव-गाव छापलेलं, म्हातारी माणसं हरवू नयेत म्हणून असेल. सेलेस्तिनो नावाचा वेटर मला रोज खिडकीजवळ बसवतो, रोज तोच सरोवरातला मासा वाढतो आणि आज तरी आवडला का म्हणून विचारतो.

तोरिनोच्या घराला रंग द्यायचाय, तोवर इथेच राहा, असं ओत्ताव्हियो म्हणाला आणि रंगाऱ्यांसाठी किल्ली घेऊन गेला. लग्न होऊन त्या घरात शिरले तेव्हा माझ्यापुढे शकुनाचं मीठ आणि झाडू घेऊन तूच होतीस. झाडू उलटा धरलास म्हणून आईने धपाटा घातला होता. ज्याच्या हाताला धरून शिरले तो अमेदेओ त्याच घरात गेला. मलाही तिथूनच जायचंय, भिंतींना रंग कुठलाही असो.

माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि पत्र लांबवू नकोस.
तुझी एर्सिलिया

अस्ती, १४ सप्टेंबर

ती. ताईस धाकटीचा नमस्कार, वि. वि.

राणीच्या गादीवर लोळतेस आणि माशाला नावं ठेवतेस, याला म्हणतात सुख टोचणं. इथे द्राक्षांची तोडणी चालू आहे. हात चिकट, कंबर मोडलेली, आणि राणी कुणी फिरकत नाही.

एक बोलू? जो मुलगा नाताळला आला की कोट न काढता बसायचा, त्याला एकदम प्रेमाचं भरतं कसं आलं? आणि रंगाला एवढा वेळ? घर आहे की चर्च? अमेदेओमागे घर पोराच्या नावावर केलंस तेव्हाही मी बोलले होते आणि तू रुसली होतीस. माझंच मन काळं असेल तर चांगलंच आहे. तोडणी संपली की तोरिनोला जाऊन बघून येते.

थोरलीचा हात डोक्यावर असावा, जमलं तर धपाट्याविना.
देल्फिना

मिरालागो, २ ऑक्टोबर

चि. देल्फिनास आशीर्वाद.

या वेळी मी रुसले नाही. ओत्ताव्हियो येतो तेव्हा माझं काहीतरी घेऊन येतो. आधी हिवाळी कोट आणला. मग माझी उशी. मग कॉफीची किटली. या महालात कॉफी मिळत नाही असं त्याला वाटतं की काय. मी सेलेस्तिनोपुढे मुलाचं कौतुक केलं. परवा अमेदेओची तसबीर आणली. मागच्या दोरीत खिळा तसाच अडकलेला, त्याला भिंतीचा चुना. रंगारी तसबीर उतरवून ठेवतात, खिळ्यासकट उपटत नाहीत. विचारलं तर म्हणाला की तुला एकटं वाटू नये म्हणून, आणि सरोवराकडे बघत राहिला.

पाहुणे पांगले. दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी चढल्या. मधोमध चहा घेताना प्रेतांत बसल्यासारखं वाटतं. सेलेस्तिनोने विचारलं की हिवाळ्यात मुक्काम कुठे. घरी, आणखी कुठे, असं मी म्हटलं. त्याने मान खाली घालून पुसलेलेच चमचे पुन्हा पुसायला घेतले.

मला भीती वाटते. पोटच्या पोराची भीती वाटावी याची लाजही वाटते, म्हणून कुणाजवळ बोलू नकोस. घर तेवढं बघून ये.

तुझ्यावाचून मला कुणी नाही, हे लिहून ठेवते.
एर्सिलिया

अस्ती, ९ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

बसून वाच. घरी जाऊन आले. दारापाशी कोरा झाडू टेकवलेला होता आणि शेजारी मिठाची पिशवी. ते बघूनच मी काय ते समजले. पाटीवरचं नाव वाचायला उगाच चष्मा काढला. दार उघडणारी बाई पोटुशी होती, चांगल्या घरातली. तिने पाणी दिलं, रडलीसुद्धा. तू हॉटेलात जायच्या आधीच त्याने घर विकलं होतं.

आता ऐक. तिथून हलू नकोस. त्याने कुठे न्यायचं काढलं तर चक्कर येते म्हण, आडवी हो, सेलेस्तिनोला हाक मार. मी रविवारी येते. माझ्याकडे अंगणावरची खोली आहे, मासा मिळणार नाही. नव्या घरात माझ्याशिवाय शिरायचं नाहीस. मीठ-झाडू मीच आणणार.

तोवर जिवाला जप, हीच विनंती.
देल्फिना

मिलानो, १५ ऑक्टोबर

ती. देल्फिनामावशीस सा. न. वि. वि.

आपले पत्र हॉटेलने माझ्याकडे पाठवले. रविवारी आपण बंद फाटकापर्यंत जाऊन परतल्याचे कळले. उगाच तसदी झाली. आई आधीच तिथून निघाली होती. ती आता डोंगरातल्या एका शांत ठिकाणी आहे. हवा उत्तम, दारे वेळेवर लागतात, औषधाने झोपही गाढ येते. हे दुसरे हॉटेलच आहे असे तिला सांगितले आहे. भेटीगाठींनी तिचे मन बिघडते, म्हणून पत्ता कोणासही देत नाही. आपली पत्रे मी वाचून दाखवीन.

आपल्यासाठी तिने तिथल्या जेवणाच्या टेबलावरचे मीठ तिथल्याच ताटाखालच्या कागदात बांधून दिले आहे. फार हट्ट धरला. वयाचे खूळ, दुसरे काय. सांडेल म्हणून मी पुडी उघडली नाही, सोबत पाठवतो.

लोभ आहे तिथूनच असू द्यावा.
ओत्ताव्हियो

अस्ती, १८ ऑक्टोबर

चि. ओत्ताव्हियोस मावशीचे आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं. आईसाठी तू जे जे केलंस ते मी विसरणार नाही. माझे गुडघे पार गेले. हिवाळा संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, तेव्हा पत्ता राहू दे.

पुडी पोचली. मीठ डब्यात ठेवलं, कागद देवाच्या पुस्तकात. तिच्या हातची घडी आहे. माझ्याकडून तिला एवढंच वाचून दाखव आणि आजच दाखव: मीठ कागदासकट मिळालं, आणि या वेळी झाडू सरळ धरलाय.

तुझी मावशी
देल्फिना