एका हाकेचा नवस

३ ऑगस्ट, शनिवार

रात्रभर पाऊस, आणि तरी मोगऱ्याला कळ्या आल्या! अंधारात दिसत नव्हत्या, बोटांना लागत होत्या. पहाटे मी डोळे अर्धे मिटूनच खुडते. कधी कधी वाटतं, मी अजून अंथरुणातच आहे आणि हे खुडणं स्वप्नात चाललंय. मग पानांवरचं पाणी मानेवर पडतं.

माळेचा पहिला चेंडू ओवून विहिरीजवळच्या ग्रोटोत, त्या दगडी देव्हाऱ्यात, सायबिण मरियेच्या पायाशी ठेवला. पहिला तिचा, मग बाजाराचा. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या, काजमीरच्या डोक्यात रक्त साकळलं, तेव्हा हा नवस बोलून बसले. त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. हात थोडा परत आला. वाचा नाही. मला ओळखतात, डोळ्यांत दिसतं ते. 'हं' म्हणतात. पण शब्द एकही नाही.

मी फार मागितलं नव्हतं. एकदा 'पोलू' म्हणू देत. गाव मला अपोलिनबाय म्हणतं, माहेरचे अप्पू म्हणायचे. पोलू म्हणणारा माणूस एकच.

५ ऑगस्ट

भाव चढलाय. या पावसात कुणाच्या झाडावर मल्लिगे नाही, माझ्या आहे. माझ्याकडे ओवायला येणारी यमुनक्का म्हणाली, "तुझ्या सायबिणीची नजर आहे गं तुझ्यावर." असेल. मागितलं एक, देते भलतंच.

१० ऑगस्ट

ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, टोपल्या, ओवायला भिजवलेलं केळीचं सोपट — आणि वास. मला तो येतच नाही हल्ली. बाहेरचं माणूस दारात थबकतं, डोळे मिटतं, तेव्हा आठवतं की येत असावा. माझ्या उशीला येतो म्हणे. भाकरीच्या पिठालासुद्धा!

लग्न होऊन आले त्या वर्षी काजमीरनी विहिरीपाशी चार झाडं लावली. "पोलू, ही तुझी बांगड्यांची झाडं," म्हणाले. फुलांचे पैसे माझ्या बांगड्यांना. ते आजारी पडले तेव्हा चार झाडांवर औषधंही भागेनात, म्हणून मी आळीतल्या कळ्या गोळा करू लागले. आधी आळी, मग गाव, मग पलीकडचं गाव. आता माझे चेंडू मुंबईला जातात. हे काही मी बसून ठरवलं नव्हतं. झोपेत चालत जावं आणि जाग येते तो दुसऱ्याच गावात, तसं झालंय.

यमुनक्का ओवता ओवता काजमीरच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "भाऊंना विचारलं चहा देऊ की कॉफी. हं म्हणाले. म्हटलं, दोन्ही एकाच पेल्यात देऊ?" सगळ्या हसल्या. काजमीरही हसले, तोंडाच्या एका बाजूनं. मला ते हसू फार आवडतं. आधीच्या सबंध हसण्यापेक्षा जास्त, असं लिहायला लाज वाटते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मीचा सण. सकाळी नवाच्या आत टोपल्या रिकाम्या. माझा माल घेणारे व्यापारी उस्मानब्यारी मंगळुराहून स्वतः आले, जीपमधून. सगळा माल उचलला, मग ग्रोटोकडे मान वळवली.

"बाय, तो एक चेंडू तेवढा राहिलाय."

"तो विकायचा नाही."

"तुमच्या मरियममांयला आज दुपारून दिलात तर चालेल की. ती काय रागावणार आहे?"

"तिला चालेल हो. मलाच चालायचं नाही."

ब्यारी हसले, टोपी सारखी केली. म्हणाले, असं माणूस धंद्यात असलेलं बरं, वजनात मारणार नाही. जाताना दुबईची गोष्ट काढली. थोडा माल विमानानं पाठवून बघणार म्हणे.

२२ ऑगस्ट

माझ्या कळ्या आज आकाशात! मी अजून विमानात बसले नाही.

इथं कळी मिटलेली खुडायची, तिथं संध्याकाळी कुणाच्या तरी वेणीत ती उमलायची. मधल्या वेळात ती कुठं असते? ओल्या पानात, काळोखात, ढगांवर. दुपारी ओसरीतच डोळा लागला. मीच पानात गुंडाळलेली होते आणि बाहेरून कुणी हाक मारत होतं. माणूस काजमीर, हे कळत होतं. शब्द कळत नव्हता. जागी झाले आणि त्यांचा आवाज आठवायला गेले — आठवेना. जाड होता की बारीक? खुर्चीत बसलेल्या माणसाचा आवाज मी विसरले. खूप रडले. पाठमोरी बसून रडले, त्यांना दिसू नये म्हणून.

३० ऑगस्ट

मोंतीच्या सणाचा, मरियेच्या वाढदिवसाचा नवेना सुरू, नऊ दिवसांची प्रार्थना. मुलं बाळ मरियेवर फुलं उधळतात. आमच्या देवळातली फुलं माझ्याकडची, नऊही दिवस.

देवळाचे पाद्री विगारबाब फाटकात भेटले. म्हणाले, "अपोलिनबाय, धंदा वाढला, देवाची कृपा. पण नवस म्हणजे सौदा नव्हे, हे ध्यानात असू द्या."

म्हटलं, "विगारबाब, मला सौद्याशिवाय दुसरं येतं काय?"

ते हसले. मी मात्र थट्टेनं म्हटलं नव्हतं.

१ सप्टेंबर, रविवार

काजमीर गायले!

मुलं फुलं उधळत होती, सगळं देऊळ मरियेचं गाणं म्हणत होतं. आणि माझ्या शेजारून, चाकाच्या खुर्चीतून आवाज आला. जाड आवाज. थोडा घोगरा. तोच! शब्दन् शब्द. पहिलं कडवं, दुसरं कडवं, कुठं अडखळले नाहीत. पुढच्या बाकावरच्या बायका वळल्या. कुणी गुडघ्यांवर बसलं, कुणी माझे हात धरले. विगारबाब वेदीवर थांबले होते.

मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. म्हटलं, मला हाक मारा.

"हं," म्हणाले.

तरी आज माझे पाय जमिनीवर नाहीत.

३ सप्टेंबर

बोलणं शिकवायला येणारी डॉक्टरीण आज आली. पोर चांगली आहे, गोड बोलते. तिनं ऐकून घेतलं, मग माझा हात धरून म्हणाली, "आंटी, गाणं डोक्यात वेगळ्या जागी असतं. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं राहतं, पुष्कळांचं. म्हणजे ते बोलू लागलेत असं नाही."

म्हणजे आधीपासून होतं. कुणी दिलेलं नाही.

तिला कॉफी दिली, फुलं दिली, फाटकापर्यंत गेले. मग विहिरीपाशी उभी राहिले. ग्रोटोतल्या चेहऱ्याकडे बघवेना.

४ सप्टेंबर

पहिला चेंडू बाजारात गेला.

५ सप्टेंबर

काय करावं या बाईला! मी तिचा चेंडू बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी उस्मानब्यारींचा फोन. दुबईला माल इतका आवडला की वर्षभर हवाय, रोज. पलीकडची तीन गावं धरावी लागतील. "बाय, मुबारक! बोला ना काहीतरी," म्हणाले. मी फोन ठेवून दिला.

ही लाच आहे का? एवढं घे आणि गप बस, म्हणून?

यमुनक्काला सांगितलं सगळं. नवस, पोलू, सगळं. तिनं सोपटाची गाठ दातांनी ओढली. म्हणाली, "हाकेचं काय घेऊन बसलीस? माझा नवरा रोज हाक मारायचा मला, शिवी लावून. तुझा माणूस तू ओसरीत आलीस की मान वळवतो. मी बघते की इथं बसून."

"मला ऐकायचंय गं."

"मग मागत राहा. तिला तरी दुसरं काय काम आहे?"

आज माणसांशी आणि देवाशी, दोघांशी भांडून झालं. गाढ झोप लागणार.

८ सप्टेंबर, रविवार

मोंतीचा सण. पहाटे माझे पाय आपोआप ग्रोटोकडे गेले. चेंडू ठेवला.

काजमीर पुन्हा गायले, सगळं. मी या वेळी कान टवकारले नाहीत, त्यांच्याबरोबर गायले. आमचे दोघांचे आवाज किती दिवसांनी एका जागी आले! घरी देवळातून आशीर्वादाची नव्या भाताची कणसं आणली, दाणे सोलून दुधात घातले, केळीच्या पानावर भाज्या वाढल्या. ते डाव्या हातानं जेवले. नवे दाणे तोंडात घोळवत माझ्याकडे बघत राहिले.

आणि मला एक मूर्ख कल्पना सुचली. त्या गाण्याच्या चालीवर मी 'पोलू, पोलू' म्हटलं. गाणंच येतं तर गाण्यातच घालू मला! त्यांनी नुसती चाल गुणगुणली. शब्द सोडून दिला. मी हसत सुटले. तेही.

१२ सप्टेंबर

रोज संध्याकाळी गातो आम्ही, कळ्या पानात बांधून झाल्या की. ओवणाऱ्या बायकाही थांबतात. यमुनक्का देवी-भुतांना पुजणारी, पण तिला आता मरियेची दोन गाणी येतात. माल विमानात चढायच्या वेळेला आमचं गाणं चालू असतं. दुबईच्या बायकांना ठाऊक नाही, गाणं ऐकून आलेल्या कळ्या माळतायत त्या.

सुख म्हणतात ते हेच असेल काय? नीट ओळखू येत नाही. पण ग्रोटोत चेंडू ठेवताना आज मागायचं विसरले.

१७ सप्टेंबर

नव्या गावांची पहिली टोपली आली. ओसरी वाढवायला हवी.

१९ सप्टेंबर

सकाळी खुडून आत आले. काजमीर जागे होते. स्पष्ट, सावकाश, माझ्याकडे बघून बोलले. "आई, पेज झाली?"

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "झाली रे बाळा. आणते."