आईचा ‘वाघर’ हा शब्द

वारूळवाडी, १२ जानेवारी १९९९

आईच्या तोंडून वर्षभर ‘वाघर’ ऐकलेलं नाही, हे मला आज कळलं. आणि म्हणे मी पुस्तकासाठी शब्द गोळा करतो!

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. मेंढरं विकून वीस वर्षं झाली, तरी घराच्या दारालाही तिचा शब्द तोच. “वाघर लावली का रं?” गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर असं म्हणाली, तेव्हा मी डाफरलो, “आई, दार म्हण की नीट!” तेव्हापासून ती दारच म्हणते.

आज वही घेऊन तिच्यापाशी बसलो. खुंट किती अंतरावर रोवायचे, गाठ कशी मारायची, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. शेवटी सांगणाऱ्याचं नाव लिहायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

“माझं नाव नको घालू. व्याही वाचतील. तुलाच लाज वाटंल.”

“आता न्हाई वाटायची गं.”

“तवा वाटली व्हती ना?”

नावाविना नोंद मी आजवर एकही ठेवलेली नाही. ती उठून चुलीपाशी गेली, तरी ते नाव लिहायला हात धजला नाही.