कुकोच्या गिटारीतला खुळखुळा

ला नोरिया,
१२ फेब्रुवारी १९७४

चि. कुकोस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ट्रकवाल्याने गेल्या आठवड्यात आणून दिलं. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण तुझं नाव निघालं की उठून बसते. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पावसाचा पत्ता नाही.

लग्न ठरलं, बरं झालं. ओरालिया फोटोत गोड दिसते. तुझी मिशी मात्र कुणाकडून तरी मागून आणल्यासारखी वाटते.

तू लिहितोस, पंगतीला दोनशे तोर्तिया ताईच्याच हातच्या हव्यात, पीठ हातावर ताणून केलेल्या, पोळीहून पातळ, कोपरापर्यंत पसरणाऱ्या, आरपार दिसणाऱ्या. नाही जमायचं. इथे पीठ चांगलं येत नाही. प्रवास लांबचा. शिवाय एप्रिलात गुरं खाली आणायची असतात.

अक्षराला हसू नकोस.

गिटारीबद्दलचं आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आत खुळखुळा टाकल्यापासून गिटारीचा आवाजच पालटला म्हणे, आणि तुला रेडिओवर बोलावलं. तो कुठून आला, ते सांगितलंस का तिथे कुणाला?

खुळखुळा गिटारीत सगळेच टाकतात, पण मेलेल्या सापाच्या शेपटीचा. तुझ्या डोक्यात गिटार शिकवणाऱ्या डॉन तिबुर्सियोने भरवलं, "मेलेल्याचा नुसता वाजतो, जिवंतपणी कापलेला गातो." मग सरपणाजवळची ती सापीण तू गाठलीस. तिच्या मानेवर दुबेळक्याची काठी मी धरली होती. तू खूर कापायच्या कात्रीने खुळखुळा घेतलास, वर बोटभर शेपूटही. नुसता खुळखुळा गेला असता, तर कात टाकताना पुन्हा आला असता. तू मूळच नेलंस.

मी म्हटलं, "अरे, मारून तरी टाक."

तू म्हणालास, "कशाला? हिने मला आवाज दिला, मी हिला जीव दिला." स्वतःच्याच वाक्यावर खूश झालास. मीही हसले. महिनाभरात तू शहरात गेलास.

बाबांनी तिला कधी हाकललं नव्हतं. म्हणायचे, "उंदीर खाते आणि पाय पडायच्या आत खुळखुळा वाजवून सांगते. अशी शेजारीण शोधून सापडायची नाही." थंडीत ती गोठ्यामागच्या खडकाच्या फटीत जायची, दरवर्षी त्याच. मार्चात बाहेर यायची. उंदराच्या बिळाशी दिवसेंदिवस उपाशी पडून राहायची. पाऊस आलाच तर वेटोळं घालून स्वतःच्याच पाठीवरचं पाणी प्यायची. काळोखातही तिला उंदराची ऊब कळते.

हातालाही ऊब असते, कुको.

तू गेल्यावर पुढच्या सप्टेंबरात, सकाळी, चुलीसाठी मेस्कीटचं लाकूड ओढायला मी हात घातला. ती खालच्या ओंडक्याखाली होती. दंश झाल्यावर मला तिचं शेपूट दिसलं. तो थोटका तुकडा उभा राहून थरथरत होता, थांबतच नव्हता. आवाज मात्र काही नाही. ती सांगत होती रे. केव्हाची सांगत होती.

दवाखान्यापर्यंत ट्रकने चार तास लागले. उजव्या हाताची तीन बोटं काढली. उरलेली दोन वळत नाहीत. तोर्तियाला दोन हात लागतात, हे तुला सांगायला नको.

आई म्हणाली, "त्याला कळवू नकोस. पोराचं आत्ता कुठे बस्तान बसतंय." माझं बस्तान मोडलं, त्याबद्दल ती काही बोलली नाही. तेव्हापासून तुला येतात ती पत्रं आई सांगते आणि मास्तरीणबाई लिहितात. 'ताई मजेत आहे' हे त्यांचंच अक्षर. हे पत्र मी लिहिलंय, डाव्या हाताने, चार दिवस लागले. आईला वाचून दाखवलेलं नाही. मला तुझा राग येतो. तू रेडिओवर वाजलास तेव्हा आईने शेजाऱ्यांना बोलावलं. मी गोठ्यात जाऊन बसले.

शेजारचा फावडं घेऊन आला होता तिला मारायला. मी मारू दिलं नाही. तिचा काय दोष होता?

आता मार्च येईल. ती फटीतून बाहेर येईल, आणि चूल तर रोज पेटवावीच लागते. म्हणून लग्नाच्या आधी एक काम कर. गिटारीच्या तारा सैल करून तो खुळखुळा बाहेर काढ आणि पाकिटात घालून पाठव. तिला तो आता बसायचा नाही, ठाऊक आहे. सरपणाला हात घालण्याआधी मीच वाजवीन. दोघींपैकी एकीने तरी सांगायला हवं.

ओरालियाला आशीर्वाद.

काठी धरणारी,
तुझी ताई
एदुविहेस