टर्नर म्हणजे कातारी

मी, नंदकुमार विष्णू कातारी, वय त्रेसष्ट, धंदा लेथवरचा टर्नर, मूळ राहणार सावंतवाडी, हल्ली मुक्काम फिंतास, कुवेत, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे व माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी सुजाता सहा वर्षांपूर्वी वारली. दबाव आणायला जवळ कोणी उरलेलेच नाही. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले आहेत.

१) सावंतवाडीचे घर व बँकेतील ठेव एकुलता मुलगा अनुप यास. त्याने इंग्लंडात लग्न करून बायकोचे आडनाव लावले. वकील म्हणाले, पासपोर्टवरचेच नाव घाला, नाहीतर मिळकत अडकेल. म्हणून लिहितो: अनुप टर्नर, पूर्वाश्रमीचा कातारी.

खुलासा: मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही. टर्नर हा माझ्याच कामाचा शब्द, पण साहेबाच्या आडनावालाही अर्थ असतो हे कुठे ठाऊक? वाटले, योगायोग. मग एका जुम्म्याच्या सुट्टीत शोधले. पूर्वी तिकडे लाकूड कातून वाट्या, खुर्च्यांचे पाय करणाऱ्यास टर्नर म्हणत, त्याचेच आडनाव झाले. म्हणजे आम्हीच की. आजोबांनी पाळण्याच्या खुंट्या कातल्या, मी इथे कुवेतच्या राई भागातल्या वर्कशॉपात तीस वर्षे शाफ्ट कातले. वाटले, पोराने नाव टाकले नाही, त्याचे भाषांतर केले. खूप रडलो. फोन करून विचारले, "माझ्यासाठी घेतलंस ना रे?" तो म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ नेम. कातारी मीन्स व्हॉट, एनीवे?"

चूक माझी. त्याला कधी सांगितलेच नाही. शाळेच्या फॉर्मवर त्याने वडील इंजिनियर असे लिहिले, त्यावर मी मुकाट्याने सही केली.

२) मायक्रोमीटर व हत्यारांची पेटी सोबत काम केलेल्या उस्मानला. "नंदूभाऊ, पोराला ठेवा," म्हणतो. पोराच्या घरात ती माळ्यावर जाईल, त्यापेक्षा उस्मानने वापरावी.

३) प्रेत गावी न्यावे. अग्नी भाचा शरद याने द्यावा. अनुप आला तर त्याला पुढे होऊ द्यावे. नाही आला तर कोणी त्याला नावे ठेवू नयेत.

४) अनुपला मुलगी झाली आहे, तिचे नाव पूर्वी टर्नर. मी तिला पाहिलेले नाही, आता पाहणारही नाही. तिने कधी आडनावाचा अर्थ विचारला तर अनुपने खरा सांगावा. माझे नाव नाही घेतले तरी चालेल.

सही: नंदकुमार विष्णू कातारी
साक्षीदार: इम्तियाज मुकादम (शेजारी), जुईली परब (परिचारिका)
फिंतास, कुवेत. १४ फेब्रुवारी २०२५