कारभारी हे नाव

औरंगपुरा, औरंगाबाद
२ जानेवारी १९५४

ती. वच्छलाआक्कास बद्रीनाथचा शि. सा. न.

इकडं सगळे खुशाल. काल तुझे दीर नानासाहेब दुकानात आले होते. दाजींच्या वर्षश्राद्धाला मठातली वीणा गळ्यात घालून दाजींच्या गादीवर आपण बसणार म्हणाले. गादीवर बसणाऱ्याला गुरुपरंपरा नावानिशी म्हणावी लागते, आणि बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं, असा त्यांचा मुद्दा. त्यात दाजींचं नावच कारभारी. गावच्या बाया नवऱ्याला खुशाल कारभारी म्हणतात, तू मात्र पाटलाच्या कारभाऱ्यालासुद्धा ‘ते हिशेबवाले’ म्हणायचीस. आक्का, भाऊबंदकीत पडू नको. वीणा देऊन टाक आणि इकडं राहायला ये.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा बद्री

फुलंब्री
७ जानेवारी

चि. बद्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लई राग आला, पण तुझ्यावर नाय. रझाकारांच्या धामधुमीत नानासाहेब नगरला पळाले, तेव्हा मठात दिवा आम्ही दोघांनी लावला. यांनी मला अनुग्रह दिला आणि जाताना वीणा माझ्या गळ्यात घातली. नानासाहेबांनी कुणाकडून मंत्र घेतलाय, ते विचार एकदा. पाठचा भाऊ म्हणून गादी मिळत नाय. मी कुठंही येत नाय.

नाव घ्यायचं भ्या मात्र वाटतंय, तुला खोटं कशाला सांगू. पंचवीस वर्षं जीभ तिकडं वळली नाय.

सुनबाईला, लेकरांना जप.
तुझी आक्का

फुलंब्री
१९ जानेवारी

चि. बद्रीस आशीर्वाद.

झालं एकदाचं. नानासाहेब पुढं यायच्या आधीच मी वीणा गळ्यात घातली. आनंदबुवांचं नाव घेतलं, त्यांचे शिष्य कडूबाबुवा यांचं घेतलं, आणि पुढचं नाव यांचं होतं. बाया पदराआड कुजबुजायला लागल्या. मग मोठ्यानं कारभारीबुवा म्हटलं.

नानासाहेब हसले. म्हणाले, हे काय नाव झालं, असं तर प्रत्येक बाई चुलीपाशी म्हणते. मी त्यांना सांगितलं की नवऱ्याला मी या नावानं कधी हाक मारली नाय, आज गुरूचं नाव घेतलंय. तुमचे गुरू कोण ते तुम्ही सांगा. मग धनगरवाड्यातली साळूबाई उठली अन् वीणेवर डोकं टेकलं. तिच्यामागं बाकीचे आले.

घरी येऊन पोटभर रडले. मग एकटीच होते तर तेच नाव परत घेतलं. लई गोड लागलं.

आता पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नको. काय लिहायचं ते खाली बघ.

माया पातळ करू नको.
कारभारीबुवांची शिष्या
वच्छला