पुलाच्या अलीकडचं टोक

११ सप्टेंबर

मी दाराजवळ बसले आणि सगळा घोटाळा झाला.

दाराजवळ बसायची माझी जुनी सवय. कोर्टात वीस वर्षं नवरा-बायकोंच्या तडजोडी घडवल्या. उठून जाता येईल अशा जागी बसावं, एवढं तिथे शिकले. पण आज होते याकुझांच्या, म्हणजे गुंडांच्या टोळीच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर, चटयांच्या खोलीत. पाहुण्याची जागा आत, चित्राच्या कोनाड्यासमोर. दाराजवळची जागा सगळ्यांत खालची. तिथे पाहुणा बसला तर दोनच अर्थ — एक तर तो माफी मागायला आलाय, नाहीतर यजमानाला हिणवतोय. टोळीची पोरं पुतळ्यासारखी उभी. मला कळेना काय झालं ते!

मग त्यांचा दोन नंबरचा आला. उगाकी. पन्नाशीचा, चष्मा, शाळामास्तरासारखा. त्याने मला पाहिलं, चटयांकडे पाहिलं, एक उशी उचलली, पुन्हा ठेवली आणि सरळ बाहेर जाऊन पडवीच्या उघड्या फळ्यांवर बसला. माझ्याही खाली.

“बाई,” म्हणाला, “आता याच्याखाली फक्त जिना आहे.”

हसू आवरलं. गल्लीची मध्यस्थ म्हणून काम मांडलं — काजिया गल्लीतली कचेरी वर्षअखेरीपर्यंत रिकामी करा, समोर बालवाडी आहे, गल्लीला हे नको आहे. तो ऐकत होता. चहा आला, मी घेतला नाही. माझे नियम सांगितले: तुमच्याकडून काही घेणार नाही, तुमचं बोलणं गल्लीपासून लपवणार नाही, गल्लीचं तुमच्यापासून लपवणार नाही. त्याने विचारलं, “मग तुमच्याकडे स्वतःचं असं काय राहतं?”

उत्तर घरी येताना जिन्यात सुचलं, पण तेही फारसं बरं नव्हतं.

१२ सप्टेंबर

असा माणूस सकाळी काय खात असेल?

२० सप्टेंबर

आज त्याला नोझुएंबद्दल विचारलं. नोझुए म्हणजे आमचे न्हावी, माझ्या खोलीपासून चौथं दुकान. टोळीला त्यांची जागा गाड्या लावायला हवी होती. नोझुए हलले नाहीत, पण त्या वर्षात गिऱ्हाईक तुटलं, बायको माहेरी गेली ती परत आली नाही. काय केलं होतंत, म्हटलं.

वाटलं, टोलवेल. नाही टोलवलं.

“समोर उभा राहिलो. रोज, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. महिनाभर.”

“आणि?”

“आणि काही नाही. तेवढं पुरतं.”

किळस आली. आणि तरी मला आणखी विचारायचं होतं — उन्हात उभे होता की सावलीत, कंटाळा यायचा का, त्यांची बायको काच पुसायला यायची तेव्हा कुठे बघायचात. विचारलंच. सावलीत नाही, म्हणाला, सावलीत उभं राहिलं तर माणूस दमल्यासारखा दिसतो. आणि तिच्याकडे बघत होतो, म्हणाला. तेच तर काम होतं.

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. इतकं वाईट खरं इतक्या सरळ सांगणारा पहिलाच. म्हणून तो चांगला ठरत नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर

डाव्या हाताची करंगळी नाही. सगळे तिकडे न बघण्याचं नाटक करतात. मी विचारून टाकलं. खोलीतल्या पोरांचा श्वास अडकला!

कुणा धाकट्याने चूक केली होती, ती याने स्वतःवर घेतली आणि टोळीच्या रिवाजाप्रमाणे करंगळी कापून दिली. तो धाकटा आता कुठे आहे? कुराशिकीत मिठाईचं दुकान आहे त्याचं. रस्त्यात भेटला तर ओळख दाखवत नाही. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाला. राग नव्हता.

दुखतं का?

“थंडीत खाज येते. जे नाही त्याला.”

४ ऑक्टोबर

जे नाही त्याला खाज! दिवसभर हेच डोक्यात. भात करपला.

२४ ऑक्टोबर

करार बराच पुढे गेला. ते जागा सोडतील. हद्द मी स्वतः आखली — देवळाच्या कमानीपासून पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत. त्या हद्दीत टोळीतल्या कुणीही पाऊल टाकायचं नाही.

नोझुए अडले. टोळी सोडली म्हणायचं आणि महिन्याने परत यायचं, हे त्यांनी पाहिलंय. त्यांचं म्हणणं, सोडून गेलेल्यालाही पाच वर्षं बंदी हवी. बँकाही पाच वर्षं खातं देत नाहीत, घरमालक घर देत नाहीत, मग गल्लीने काय घोडं मारलंय? मला पटलं. नुसतं पटलं नाही, मीच ते कलम नीट बांधून लिहिलं, एकही फट ठेवली नाही.

उगाकीला वाचून दाखवलं. बाकी कलमांवर घासाघीस करणाऱ्या माणसाने यावर एवढंच विचारलं, “पाच वर्षं कधीपासून धरायची?”

टोळी सोडल्या दिवसापासून, म्हटलं.

“लिहा.”

त्याला कुणा पोराची काळजी असावी.

५ नोव्हेंबर

दारात पर्सिमन फळांची पेटी. नाव नाही. मला कळायचं ते कळलं. उचलून कचेरीच्या पायरीवर ठेवून आले. जड होती. परतताना तो झाडू मारत होता. त्यांच्या दारापुढचा रस्ता रोज तोच झाडतो, पोरांकडून करून घेत नाही.

“एकही नाही खाल्लं?”

“एकही नाही.”

“वासही नाही घेतला?”

वास घेतला होता. तसं सांगितलं. तो इतका हसला की मियाकेकाकूंनी लोणच्याच्या दुकानातून डोकं बाहेर काढलं.

९ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. मला हा माणूस आवडतो.

नवऱ्यापासून वेगळी झाले त्याला नऊ वर्षं झाली. वाटलं होतं हे दुकान आता बंद. आणि उघडलं ते कुणासाठी! नोझुएंच्या बायकोकडे महिनाभर बघत उभा राहणाऱ्यासाठी. शिझुनो तोमोदा, कप्पाळ तुझं!

लपवणार नाही हा नियम माझाच आहे. उद्या काकूंकडे जाते. त्या गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. दुसरी मध्यस्थ बघा म्हणून सांगते.

१० नोव्हेंबर

काकू ममाकारी मासे व्हिनेगरात लावत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

“आम्हाला सप्टेंबरपासून दिसतंय,” म्हणाल्या. “तुलाच उशिरा कळलं. चेंगट आहेस.”

म्हटलं, मी बाजूला होते.

“तू त्याला एक तरी कलम सैल सोडलंस?”

नाही.

“मग बस खाली. तुझ्याशिवाय तो कुणाशी धड बोलणार आहे? पण नोझुएला तू सांग. मी नाही सांगणार.”

तशीच उठून गेले. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसले. मग सांगितलं. नोझुएंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कात्री पुसली, कंगवे धुतले, जमिनीवरचे केस गोळा केले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ते पाच वर्षांचं कलम,” म्हणाले. “ते तसंच राहिलं पाहिजे. उद्याही आणि परवाही. कुणासाठीही नाही बदलायचं.”

नाही बदलणार, म्हटलं.

“शब्द?”

शब्द दिला.

१६ नोव्हेंबर

त्यालाही सांगितलं. नियम दोन्ही बाजूंना सारखा! मंडळाला सांगितलंय की मला तुम्ही आवडता, हे तुम्हालाही ठाऊक असावं, यावरून करारात काहीही बदलणार नाही, आता कलम सहा बघू — एका दमात बोलले.

त्याने चष्मा काढला. पुसला. परत घातला. कलम सहा घासाघीस न करता मान्य केलं. कलम सहा सांडपाण्याच्या नळाबद्दल होतं.

जिन्यापर्यंत सोडायला आला. “बाई, मी तुमच्या लायक माणूस नाही.”

माहीत आहे, म्हटलं.

“नाही, पण मला तसं व्हायला आवडलं असतं.”

 टोळीतल्या माणसाबरोबर माझं काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

२ डिसेंबर

सह्या झाल्या. त्यांच्या थोरल्यांनी शिक्का मारला, म्हातारा झोपेत होता अर्धा. गल्लीने टाळ्या वाजवल्या. नोझुए नव्हते आले.

अट एवढीच राहिली: अठ्ठावीसपर्यंत जागा रिकामी, आणि गल्लीची मोचीची — चिकट भात कांडून करतात त्या गोळ्यांची — उखळी परत. दगडी, दोन पिढ्यांची. दरवर्षी नववर्षाची मोची टोळीचीच पोरं कांडायची. घण उचलण्याइतकं तरुण गल्लीत उरलंय कोण! हाकलायचं त्यांनाच आणि मोचीही त्यांचीच हवी. याला म्हणतात आमची गल्ली.

२८ डिसेंबर

आज जागा रिकामी झाली.

सकाळी टेंपो भरून गेला. उखळी तेवढी उगाकीने चौघांकडून उचलवून देवळासमोर आणून ठेवली. काकूंनी भात शिजवून तयार ठेवला होता. पण घण कोण मारणार? तांदूळवाल्याने दोन मारले आणि कंबर धरून बसला. वाफ चाललेली, भात निवत आलेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे उगाकीकडे.

तो म्हणाला, “दुपारपर्यंत टोळीला हद्दीत परवानगी आहे. पण माझं नोझुएंना विचारा.”

नोझुए लोकांच्या मागे उभे होते. त्यांनी उखळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “भात निवतोय.”

घण मारणारा एक आणि दोन घावांमध्ये हात घालून गोळा उलटवणारा एक. काकूंचं मनगट गेलेलं. दुसरं कुणी पुढे होईना — याकुझाच्या घणाखाली हात घालायला! मी बाह्या वर केल्या.

तो हळूच म्हणाला, “माझी डावी पकड कच्ची आहे. करंगळी नसली की दांडा फिरतो. नका घालू हात.”

“तुम्ही मारा,” म्हटलं.

मारला. मी हात घातला, काढला. मारला. घातला, काढला. तो ‘हं’ म्हणायचा, मी ‘हो’ म्हणायचे. गोळा गरम, पाणी गार. एकदा दांडा फिरला. घण माझ्या बोटांच्या बाजूला दगडावर आपटला, मोठा आवाज झाला. त्याचं तोंड पांढरं पडलं. मी पुन्हा हात घातला. भीती वाटत होती, तरी घातला. उरलेला भात कांडून होईपर्यंत तो फक्त माझ्या हाताकडे बघत होता.

मोची झाली. गल्लीतल्या पोरांना वाटली. मीही खाल्ली — तांदूळ गल्लीचा होता, कुणाकडून घेतल्यासारखं नाही! तो खायला थांबला नाही. नोझुएंसमोर गेला, वाकला, खूप खाली, खूप वेळ. काय बोलला ऐकू आलं नाही. नोझुए वाकले नाहीत. पण आत निघूनही गेले नाहीत.

मग पूल ओलांडून गेला. 

३० डिसेंबर

काकू सांगत आल्या. उगाकीने टोळी सोडली. सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी! थोरल्यांनी सोडलं, मार न देता, तेही आता म्हातारे झालेत म्हणून. अठ्ठावीसला आला होता तो टोळीचा नव्हताच, टोळीला होती ती परवानगीही त्याला उरली नव्हती, होती ती फक्त नोझुएंची.

“पाच वर्षं कधीपासून धरायची?” — कुणा पोराची काळजी नव्हती ती!

आणि मी किती नीट बांधलं होतं ते कलम. एक फट नाही.

३ जानेवारी

पुलाच्या पलीकडच्या टोकाला तो उभा आहे असं तांदूळवाला सांगत आला. नोझुएंनी पटकन पडदा ओढला. मी धावत गेले, रागाने. उभं राहणं हाच धंदा ना तुमचा, म्हटलं, नोझुएंच्या दुकानातून पूल दिसतो, कळत नाही? त्याला ते सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं. इतका ओशाळला की पाठ फिरवून निघालाच.

थांबा, म्हटलं. आडोशाला कठड्याखाली बसलो. आता काय करता? मासळी बाजारात बर्फ फोडतो, रोजावर. राहता कुठे? तिथेच, मालकाच्या गोदामात. खोली कुणी देत नाही. सकाळी काय खाता? शेवटी विचारलंच!

“कच्चं अंडं, भात. का?”

सहज, म्हटलं.

“बाई, पाच वर्षांनी मी पंचावन्न होईन,” म्हणाला. “तुम्ही ते कलम बदलू नका.”

“नाही बदलणार.”

“माहीत आहे. म्हणूनच आलो.”

थंडी मरणाची होती. मी त्याचा डावा हात धरला. चार बोटं. मग घरी आले आणि रडले.

८ जानेवारी

पाच वर्षांतला एक दिवसही कमी करणार नाही, नोझुएंना शब्द दिलाय. पण तो गल्लीचा करार आहे, माझा नाही. आज खोली सोडत असल्याचं मालकाला कळवलं. पुलापलीकडे घरं बघितली. सगळीकडे त्याच्याबद्दल खरं सांगितलं. दोघांनी ऐकून दार लावून घेतलं. तिसरी बाई दार अर्धं लोटून थांबली, मग म्हणाली, “बरं, राहणार किती जण?”

म्हटलं, दोघं.